'रुचिरा' आणि दोन प्रांतांची चूल

समीक्षेच्या पंक्तीत पाकशास्त्राच्या ग्रंथाला आपल्याकडे सहसा पाट मांडला जात नाही. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' (१९७०) मात्र त्या मानाचे अधिकारी आहे. झाशीसारख्या गावी, जेथे मराठी मुलगी बुंदेली घरात अथवा बुंदेली मुलगी मराठी घरात नांदावयास जाते, तेथे तर या ग्रंथाचा विचार अगत्याने व्हावा.

कमलाबाईंचा थोर गुण म्हणजे त्यांची प्रमाणांची भाषा. वजनाचा काटा दूर सारून त्यांनी वाटी-चमच्याचे माप पत्करले. परक्या चालीरीतींच्या घरात आलेल्या सुनेला हे माप केवढा धीर देते! अनुभवी हातांचे गुपित त्यांनी शब्दांत आणले, हे कार्य वाङ्मयीनच होय.

तथापि, पाकग्रंथाचे एकक पदार्थ असते आणि आहाराचे एकक दिवस. मिश्र संसारातील अडचण या दोहोंच्या मध्ये उद्भवते. पाहुण्यांसमोर मिरवता येतील असे पदार्थ दोन्ही प्रांत एकमेकांकडून आनंदाने घेतात. पुरणपोळी रुजते, पुऱ्याही रुजतात. साधे अन्न मात्र 'आमच्याकडे असे करीत नाहीत' या एका वाक्याने मागे पडते. एका बाजूची आंबील सुटते, दुसऱ्या बाजूची महेरी सुटते. वास्तविक भरड धान्य आणि ताक यांचा संयोग साधणाऱ्या या दोघी बहिणीच!

येथे प्रश्न केवळ रुचीचा राहत नाही. धान्यात लायसीन कमी असते, ते डाळीतून मिळते. म्हणून गव्हात हरभरा मिसळून केलेली इकडची रोटी आणि आपला वरणभात एकच शहाणपण सांगतात. वरणभातावर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्व अन्नातील लोह शरीरात शोषले जाण्यास साहाय्य करते. जेवणाबरोबरचा चहा त्यात अडथळा आणतो. लिंबू सुटले आणि चहा जडला, तर त्या संसाराने दोन्हीकडून तोटाच पत्करला.

'आमचेच अन्न सकस' असा अभिमानही कोणी बाळगू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण महाराष्ट्रात ५४.२ टक्के, तर उत्तर प्रदेशात ५०.४ टक्के आढळले. सर्वांची पाने उठल्यावर उरलेसुरले सुनेने खावे, या रूढीपुरते मात्र दोन्ही प्रांतांचे अनेक घरांत पूर्ण एकमत असते!

'रुचिरे'ने पदार्थाला माप दिले. बृहन्महाराष्ट्रातील गृहिणींनी आता त्याच वाटीने रोजच्या ताटाचे माप लिहून काढावे. त्यात आंबिलीशेजारी महेरी असावी आणि स्वयंपाक करणारीचे पान इतरांच्या पंक्तीतच मांडलेले असावे. असे पुस्तक निघाले, तर त्याचे परीक्षण करण्यास कोणत्याही मराठी समीक्षकाने कमीपणा मानू नये.