सीमा समाकल समीकरणांची संख्यात्मक उकल : अ‍ॅटकिन्सन यांच्या ग्रंथाची चिकित्सा

केंडल अ‍ॅटकिन्सन यांचा द्वितीय प्रकारच्या समाकल समीकरणांच्या संख्यात्मक उकलीवरील ग्रंथ केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या नऊ प्रकरणांपैकी शेवटची तीन सीमा समाकल समीकरणांविषयी असून प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्यांपुरते मर्यादित आहे.

लाप्लास समीकरणाचा प्रश्न अंतर्भागातून सीमेवर आणला की एक मिती कमी होते, असे वर्गात मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. हे कौतुक तपासून घ्यावयास हवे. चौरसाच्या प्रत्येक बाजूवर १०० बिंदू घेतल्यास सांत अंतर पद्धतीत सुमारे १०,००० अज्ञाते येतात, सीमेवर अवघी ४००. परंतु पहिल्या मॅट्रिक्सच्या प्रत्येक ओळीत फार तर ५ शून्येतर संख्या, म्हणजे एकूण ५०,०००. दुसरी पूर्ण भरलेली, म्हणजे १,६०,०००. घनाच्या बाबतीत हीच तफावत ७० लाख विरुद्ध ३६० कोटी होते. मिती घटली म्हणून श्रम घटले, हा युक्तिवाद टिकत नाही.

खरा लाभ अन्यत्र आहे व तो सातव्या प्रकरणात स्पष्ट होतो. सीमावक्र पुरेसा गुळगुळीत असल्यास द्विस्तर विभवाचा कर्नेल संतत राहतो. वर्तुळावर तर तो स्थिरांकच असतो. फलने आवर्ती असल्यामुळे नीस्ट्रॉम पद्धतीत साधा समलंबी नियम वापरला, आणि वक्र व सीमामूल्ये वैश्लेषिक असली, तर त्रुटी घातांकी वेगाने घटते. मग थोडक्या बिंदूंवर काम भागते.

आठवे प्रकरण हे ग्रंथाचे मर्मस्थान होय. सीमेला एक जरी कोपरा आला तरी संकारक संहत राहत नाही व संहततेवर आधारलेली अभिसरणाची सिद्धता तेथेच थांबते. (वरील चौरसाला असे चार कोपरे आहेत, हे आपण शिकविताना सोयीस्करपणे विसरतो.) कोपऱ्याजवळ बिंदू दाट करून ही अडचण ओलांडताना लेखक सिद्धतेचे कष्ट टाळत नाहीत.

उणीव आहे ती नवव्या, त्रिमितीय प्रकरणाच्या संदर्भात. ग्रीनगार्ड व रॉख्लिन यांची फास्ट मल्टिपोल पद्धत १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. मॅट्रिक्स व सदिश यांच्या गुणाकाराचा खर्च ती अज्ञातांच्या वर्गावरून जवळजवळ त्यांच्या संख्येइतका खाली आणते. तिला येथे स्वतंत्र प्रकरण नाही. सहाव्या प्रकरणातील पुनरावृत्ती पद्धतींनी समीकरणे सोडविण्याचा खर्च घटतो खरा, पण भरलेली मॅट्रिक्स साठविण्याचे ओझे तसेच राहते.