चुन्याची नक्षी आणि ‘नकली’चा शिक्का

माझे शालेय शिक्षण औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात झाले. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना बीबी का मकबरा दाखवायला नेण्याचे काम माझ्याकडे असे. फाटकातून आत शिरतानाच मी त्यांना बजावून ठेवी, “ताजमहालाची अपेक्षा ठेवू नका हं. हा गरिबांचा ताज. वरचा सगळा चुना आहे.” असे बोलण्यात काही जाणकारी आहे, असे मला तेव्हा वाटे. पुढे वाचन वाढले आणि हेच मत पर्यटनाच्या पुस्तिकांतही थोड्याफार फरकाने भेटत राहिले. त्या मताची फेरतपासणी हा या लेखाचा हेतू आहे. मताने इमारतीचे काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते; आणि ते मी स्वतःच्या घरात पाहिले आहे.

आधी वास्तूविषयी. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिचे १६५७ मध्ये निधन झाले. तिची ही कबर १६६० च्या सुमारास पूर्ण झाली. बांधणारा म्हणून शहजादा आझमशहाचे नाव घेतले जाते. पण त्याचा जन्म १६५३ चा, म्हणजे आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. काम बापाच्या आज्ञेने सुरू झाले असावे, हे मत म्हणूनच पटते. मुख्य दरवाज्यावरील लेखात वास्तुरचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावे आहेत. हा अताउल्ला ताजमहालाचा मुख्य रचनाकार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. ‘तारीखनामा’ या ग्रंथात खर्चाचा आकडा ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा दिला आहे. ताजच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळच.

पैसा कमी होता, हे यावरून सिद्ध होते. गिलावा हलका होता, हे मात्र सिद्ध होत नाही. आपली टीका नेमकी इथे घसरते: ती साहित्याची किंमत मोजते आणि कारागिरीवर निकाल देते.

मकबऱ्यात संगमरवर कुठे आहे, ते पाहा. खाली कमरेच्या पट्ट्यापर्यंत आणि वर घुमटाला. मधल्या भिंती आपल्या काळ्या बेसॉल्ट दगडाच्या, आणि त्यांच्यावर चुन्याचा घोटीव गिलावा. माणसांचे हात-खांदे घासतात तिथे दगड आणि पाऊस थेट माथ्यावर कोसळतो तिथे दगड. या वाटणीत काटकसर आहेच, पण मला त्यात विचारही दिसतो. संगमरवराने भरलेल्या गाड्या तावेर्निए या फ्रेंच प्रवाशाने वाटेत पाहिल्या होत्या. त्यांतल्या लहानात लहान गाडीलाही बारा बैल जुंपलेले होते. इतक्या दुरून आणलेला दगड कुठे खर्चायचा आणि कुठे नाही, हे अताउल्लाने ठरवले. बापाने काय बांधले होते, हे त्याला कोणी सांगायला नको होते.

‘आतून एक, बाहेरून दुसरे’ हा आक्षेप घ्यायचा तर तो ताजलाही लागू पडतो. ताजचा गाभा विटांचा आहे. संगमरवर हे त्यावर चढवलेले आवरण आहे. एका आवरणाला आपण सौंदर्य म्हणतो आणि दुसऱ्याला ढोंग. फरक आवरणाच्या भावात आहे.

आता गिलाव्याचे स्वतःचे गुण. दगडाची नक्षी छिन्नीने, नको तो भाग काढून टाकून होते. चुन्याची नक्षी ओल्या लगद्यावर, भर घालत आणि कोरत होते. तिला सांधा नसतो. कमानीच्या पोटात, अर्धघुमटाच्या आत जिथे पृष्ठभाग दोन्ही अंगांनी वळतो, तिथे दगडाचे तुकडे बसवणे जिकिरीचे आणि वजनाने धोक्याचे. चुना मात्र वळणाबरोबर वळतो. मकबऱ्याच्या प्रवेशद्वाराखाली आणि कमानींच्या आत जी जाळीदार पदरांची नक्षी दिसते, ती या साहित्याचा स्वभाव ओळखून केलेली आहे. उठाव अगदी उथळ. भर दुपारी ती जवळजवळ दिसत नाही. सकाळी किंवा उन्हे कलल्यावर तिरपा प्रकाश आला की पाने-फुले भिंतीतून वर येतात. आम्ही पाहुण्यांना नेहमी जेवण उरकून दुपारी दोन वाजता न्यायचो!

मकबऱ्यात उणे काहीच नाही, असे माझे म्हणणे नाही. मधला भाग अरुंद वाटतो, मिनार त्याला फार खेटून उभे आहेत, ताजमधला मोकळा श्वास इथे नाही. हे दोष खरे आहेत. पण ते प्रमाणाचे दोष आहेत; संपूर्ण संगमरवरात बांधला असता तरी ते राहिलेच असते.

आता घरची गोष्ट. आमच्या जुन्या घराच्या माजघरात कोनाड्यांवर चुन्याच्या महिरपी होत्या, वर वेलबुट्टी. दर दिवाळीला सफेदीचा हात फिरे. वर्षानुवर्षांच्या थरांखाली फुले बुजून त्यांचे गोळे झाले होते. पुढे ओल आली, एक महिरप सुटली. वडील म्हणाले, “चुन्यातच करून घेऊ, एखादा जुना गवंडी मिळतो का बघ.” मी शोधलाही नाही. “अहो बाबा, चुनाच तर आहे, सिमेंटने पक्के करू,” असे म्हणून मी काम उरकले.

चुन्याचे काम उरकण्यातले नसते. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विझवायची, मुरवत ठेवायची, वाळूबरोबर घाणीत मळायची. गूळ, बेलफळ, उडीद अशी भर प्रदेशाप्रमाणे घालायची. शेवटचा हात गुळगुळीत दगडाने घोटायचा. नंतर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हा चुना सावकाश पुन्हा चुनखडी होतो. तो सच्छिद्र असतो, भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती अडवते. अडलेली ओल आणि तिच्यातले क्षार आजूबाजूचा जुना चुना फोडतात. आमच्या घरी तेच झाले. पाच-सहा पावसाळ्यांत माझी सिमेंटची महिरप जागच्या जागी राहिली आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या जुन्या महिरपी भुगा होऊन खाली आल्या. वडिलांनी त्यावर कधी शब्द काढला नाही. एकदा फक्त केरसुणी घेऊन स्वतःच तो चुरा गोळा केला.

‘चुनाच तर आहे’ हे माझे वाक्य मी मकबऱ्याच्या फाटकात शिकलो होतो. टीका अशी घरात उतरते. ज्याला आपण नकली ठरवतो, त्याची दुरुस्ती आपण नीट करत नाही; आणि ज्याला काम मिळत नाही, तो गवंडी मुलाला हात शिकवत नाही.

आज मी राहतो त्या फ्लॅटच्या छताला पीओपीची कॉर्निस आहे. पीओपी म्हणजे तापवून पाणी उडवलेले जिप्सम. पाणी मिळताच काही मिनिटांत घट्ट होते, म्हणून साच्यांना सोयीचे. त्याला नाक मुरडणे सोपे आहे, पण तीच चूक मला पुन्हा करायची नाही. कॉर्निस भिंत आणि छत यांच्या सांध्यातली भेग झाकते. छताच्या मध्यावरचे फूल युरोपीय दिवाणखान्यांत झुंबराच्या कडीभोवती असे. आपल्याकडे ते पंख्याच्या कडीभोवती आले, आणि तिथे ते शोभते. साडेनऊ फुटांच्या खोलीत पाऊण फूट छत खाली ओढून, ज्याला काहीच काम नाही असे तीन-तीन पायऱ्यांचे नक्षीदार छत टांगणे, यावर मात्र जरूर टीका व्हावी. साच्यातले असो वा हातचे, ते तिथे काय करते आहे, हा प्रश्न विचारावा.

हल्ली पाहुण्यांना मी सकाळी लवकर नेतो. फाटकात काही सांगत नाही. प्रवेशद्वाराच्या कमानीखाली थांबवतो आणि एवढेच म्हणतो, “जरा वर बघा.”