टपालपेट्यांचीं छायाचित्रें : एक परीक्षण

रस्त्यावरील जुन्या टपालपेट्यांचीं छायाचित्रें घेऊन तीं जमविण्याचा नाद इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड या देशांत गेल्या कित्येक वर्षांत चांगलाच रुजला आहे. कागदपत्रांच्या शोधास वाहिलेल्या त्रैमासिकांत हा विषय कशाला, असें एखादा वाचक विचारील. परंतु जी वस्तु बिडाची ओतलेली असून जिच्यावर राजाची नाममुद्रा, ओतणाऱ्या कारखान्याचें नांव आणि पत्रें काढण्याच्या वेळा नमूद असतात, ती वस्तु म्हणजे एक प्रकारचा लेखच होय. आणि लेखाची नक्कल करणाराच्या कामास आम्ही जी कसोटी लावतों तीच या चित्रांसही लावली पाहिजे. अशीं पुष्कळ चित्रें पाहून आमचें मत असें झालें आहे कीं, यांतील बहुतेक सुंदर आहेत, पण पुरावा म्हणून थिटीं आहेत.

पारखण्याचीं साधनें नव्हतीं, ही सबब येथें चालणार नाहीं. टपालखात्याचा अधिकारी व पुढें कादंबरीकार म्हणून गाजलेला अँथनी ट्रॉलोप याच्या सूचनेवरून १८५२ सालीं जर्सी बेटावर पहिल्या स्तंभपेट्या उभ्या राहिल्या. गर्न्सी बेटावरील सेंट पीटर पोर्ट गांवाच्या युनियन स्ट्रीटमधील पेटी आणि डॉर्सेट परगण्यांतील बार्न्स क्रॉस येथील अष्टकोनी पेटी या दोन्ही १८५३ सालच्या असून आजही त्यांत पत्रें पडतात. तेव्हांपासूनच्या पेट्यांचा इतिहास जीन फारुजिया या विदुषीनें १९६९ सालीं ग्रंथरूपानें मांडला. पुढें १९७६ सालीं याच अभ्यासासाठीं लेटर बॉक्स स्टडी ग्रुप ही संस्था निघाली.

आतां दोषांकडे वळूं. सर्वांत अधिक आढळणारें चित्र म्हणजे केवळ नाममुद्रेचें. चौकट मुद्रेनें भरून टाकलेली, बाकीची पेटी कापलेली. असें चित्र घेणारास आपण पेटीचा काळ टिपला असें वाटतें. वस्तुतः त्यानें दाराचा काळ टिपलेला असतो, कारण स्तंभपेटीवर मुद्रा बहुधा दारावर असते आणि दार बदलतां येतें. आठव्या एडवर्डनें १९३६ च्या जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत, म्हणजे पुरतें एक वर्षही नव्हे, इतकेंच राज्य केलें. त्याच्या मुद्रेच्या स्तंभपेट्या सुमारें १६० ओतल्या गेल्या. राजत्यागानंतर कांहीं पेट्यांस दुसऱ्या राजाच्या मुद्रेचीं दारें बसविण्यांत आलीं. अशा पेटीच्या दाराचेंच चित्र घेतलें तर तें खोटें नाहीं, पण तें पाहणाराची फसगत होते. जुन्या पत्राचा शिक्का तेवढा कापून वहींत चिकटविणारे संग्राहक आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्या वह्यांत शिक्के राहिले. मजकूर, मोर्तब, पाठीवरील बार व जोडावरचे ठसे गेले. पेटीची पाठ म्हणजे अशीच पत्राची पाठ होय. कारखान्याचें नांव पायथ्याच्या काळ्या पट्ट्यावर, पुष्कळदां मागच्या अंगास असतें, आणि तेथें वांकून पाहणारा छायाचित्रकार विरळा.

मुद्रा नसणें हाही पुरावा असतो. डर्बी येथील हँडिसाइड यांच्या कारखान्यांतून १८७९ पासून १८८७ पर्यंत ज्या गोल पेट्या निघाल्या, त्यांवर राणीची मुद्रा नाहीं व टपालखात्याचें नांवही नाहीं. अभ्यासक त्यांस निनांवी पेट्या म्हणतात. आरंभीं त्यांचें तोंड टोपीच्या अगदीं लगत होतें. पत्रें वर अडकूं लागलीं म्हणून १८८३ च्या सुमारास तें खालीं आणलें. म्हणजे जी पेटी मुक्यासारखी उभी आहे तिचा काळ टोपी व तोंड यांच्या अंतरावरून चार-पांच वर्षांच्या आंत ठरवितां येतो. मात्र चित्रांत दोन्ही आलीं पाहिजेत. स्कॉटलंडांत निराळाच प्रकार आहे. एडिंबरोच्या इंच वस्तींत १९५२ सालीं दुसऱ्या एलिझाबेथच्या मुद्रेची पेटी बसविली. पहिली एलिझाबेथ स्कॉटलंडची राणी नव्हतीच, मग ही दुसरी कशी, असा वाद पेटून १९५३ च्या फेब्रुवारींत ती पेटी स्फोटानें उडविण्यांत आली. त्यानंतर तेथील नव्या पेट्यांवर केवळ स्कॉटलंडचा मुकुट येऊं लागला. चित्राखालीं स्थळ लिहिलें नसेल तर हा राजकीय तंटा त्यांतून कोणासही वाचतां यावयाचा नाहीं.

स्थळाची नोंद याहूनही जेथें अवश्य, तें उदाहरण पेनफोल्डच्या पेट्यांचें. जॉन वॉर्नहॅम पेनफोल्ड या वास्तुशिल्पज्ञानें आखलेली ही षट्कोनी पेटी १८६६ ते १८७९ पर्यंत बनत होती. तिच्या डोक्यावर पानांची नक्षी व कळी असल्यामुळें चित्रें घेणारांची ती लाडकी. परंतु १९८९ च्या सुमारास या नमुन्याच्या नव्या प्रतिकृति ओतून ऐतिहासिक स्थळीं उभ्या केल्या आहेत. लबाडी कोणाचीच नाहीं; पण अस्सल व नक्कल यांचीं सुंदर चित्रें शेजारीं ठेवलीं तर निवड करणें कठीण जातें.

रंगावर तर कोणीं विसंबूंच नये. इंग्लंडांत १८५९ पासून पेट्या हिरव्या होत्या. त्या झाडींत दिसेनात, म्हणून १८७४ पासून लाल होऊं लागल्या, आणि हें काम पुरें होण्यास दहा वर्षें लागलीं. आयर्लंडांत १९२२ नंतर नव्या राज्यानें लाल पेट्यांस हिरवा रंग दिला, पण व्हिक्टोरिया, एडवर्ड व जॉर्ज यांच्या मुद्रा पुष्कळ ठिकाणीं तशाच राहूं दिल्या. पेशवाईंतील रुपयावर दिल्लीच्या बादशहाचें नांव वाचणाऱ्या आमच्या वाचकांस याचें नवल वाटूं नये. आपल्याकडील पेट्यांवर रंगानें लिहिलेला सहा आंकडी पिनकोड पाहून कोणी पेटीचा काळ ठरवील तर त्यासही सांगितलें पाहिजे कीं, पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाला. त्यावरून अक्षरांच्या वयाची वरची मर्यादा कळते, पेटीच्या वयाची नव्हे.

या बाबतींत जिओग्राफ या उपक्रमाची वाखाणणी करणें न्याय्य होईल. २००५ पासून ब्रिटन व आयर्लंड यांच्या नकाशावरील प्रत्येक चौरस किलोमीटराचीं चित्रें तेथें गोळा होतात, आणि प्रत्येक चित्रास नकाशांतील स्थान व दिनांक जोडलेला असतो. त्यांतील टपालपेट्यांचीं कित्येक चित्रें अगदीं रुक्ष आहेत. उजेड वाईट, शेजारीं कचऱ्याचा डबा. आम्हांस तीं अधिक मोलाचीं वाटतात.

तथापि सौंदर्याच्या मागें लागणारांवर सर्वस्वीं दोष ठेवणें बरोबर नाहीं. वेलींनीं अर्धी झांकलेली, भिंतींत बसविलेली पेटी दिसली कीं ते दूर उभे राहून भिंत, रस्ता, शेजारचें दुकान सगळें चौकटींत घेतात. पुढें त्यावरूनच रस्त्याची पातळी किती चढली, पेटी मूळच्या जागीं आहे कीं हलविली, हें कळतें. केवळ टिपण म्हणून जवळून घेतलेल्या चित्रांत हें येत नाहीं. (लोंकरीच्या विणलेल्या टोप्या घातलेल्या पेट्यांचीं चित्रें हल्लीं फार दिसतात. टोप्या मौजेच्या खऱ्या. पण काळ सांगणारी बिडाची टोपीच त्यांनीं झांकली जाते.)

या सर्वांची निकड डेन्मार्कनें दाखवून दिली. तेथील सरकारी मालकीच्या पोस्टनॉर्ड या संस्थेनें ३० डिसेंबर २०२५ रोजीं पत्रवाटप कायमचें थांबविलें. सुमारें १५०० लाल पेट्या त्याच वर्षाच्या जूनपासून उचलल्या जाऊं लागल्या, आणि त्यांतील पुष्कळ हौशी लोकांनीं विकत घेतल्या. पेटी घेणाराच्या अंगणांत सुरक्षित राहील. ती कोणत्या चौकांत, कोणत्या भिंतीशीं उभी होती, हें तिच्यावर कोठेंच ओतलेलें नाहीं. जागेवरून उपटलेल्या ताम्रपटाची जी गति, तीच तिची. तिच्या स्थानाचा पुरावा आतां २०२५ च्या जूनपूर्वीं कोणी घेतलेल्या दिनांकित चित्रांतच सांपडावयाचा, आणि तींही बहुतेक खासगी संग्रहांतच असणार.