नम्रता कोणाची, वाकणे कोणाचे?

नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी आमच्या गोंदियावरून जाते. याच प्रवासात नारायण वामन टिळकांना एक युरोपीय गृहस्थ भेटला आणि त्याने त्यांच्या हाती 'नवा करार' दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचे आयुष्य मराठी वाचकाला ठाऊक आहे ते मुख्यतः लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मुळे. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राला प्रस्थापित समीक्षेने गौरविले ते विनोदासाठी, घरगुती भाषेसाठी. मला त्याला वेगळा प्रश्न विचारायचा आहे. ख्रिस्ती पुढाऱ्याच्या नम्रतेचे उदाहरण म्हणून टिळक दाखविले जातात. आम्हा दलितांच्या लेखी त्या उदाहरणाची किंमत काय?

पेत्र आपल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बजावतो की, कळपावर धनीपणा गाजवू नका, कळपापुढे कित्ता ठेवा. हे सांगणाऱ्या पेत्राचे स्वतःचे काय झाले होते? येशू शिष्यांचे पाय धुवायला बसला, तेव्हा पेत्राने आधी पाय पुढे करायलाच नकार दिला. देणे एक वेळ सोपे असते. घेणे कठीण, कारण घेताना वरची जागा सुटते.

टिळकांनी वरची जागा सोडली यात शंका नाही. ब्राह्मण्य सोडले, आप्त सोडले. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारू पाहिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. हा माणूस ढोंगी नव्हता. पण ज्याच्याजवळ सोडण्यासारखे काही असते, त्याच्याच सोडण्याला त्याग म्हणतात. माझी आजी दुसऱ्याच्या बांधीत दिवसभर वाकून रोवणे करी. तहान लागली की बांधावरून तिच्या ओंजळीत पाणी ओतले जाई, भांडे तिला लागणार नाही इतक्या उंचीवरून. तिच्या वाकण्याला कोणी नम्रता म्हटले नाही. वाकलेल्याला नम्रतेचा उपदेश करणे ही नुसती क्रूरता आहे.

शिवाय टिळकांच्या नम्रतेचा खर्च कोणी सोसला, तेही याच पुस्तकात आहे. टिळक घरातले उचलून दुसऱ्याला देत, पैसा हाती राहू देत नसत, मनात आले की घराबाहेर पडत. मागे चूल पेटवायची ती लक्ष्मीबाईंनी. हे त्या हसत हसत सांगतात आणि वाचकही हसतो. पण त्या हसण्याखाली एका बाईची उपासमार आहे, हे समीक्षकाने विसरू नये.

म्हणून मला या ग्रंथातले खरे उदाहरण लक्ष्मीबाईंचे वाटते. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. जवळ आल्या तेव्हाही आपले पाणी, आपला स्वयंपाक, आपले सोवळे सांभाळूनच. हे सोवळे एका दिवसात गळून पडले नाही. देवाने माणसांत जाती केल्या नाहीत, हे आधी मनाला पटले, मग हात पाण्याकडे गेला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे लिहिताना आपला हट्ट, आपला विटाळ त्यांनी झाकला नाही. शिवाशिव पाळणारी ती मीच, असे वाचकांसमोर कबूल करणे हे पगार सोडण्याहून अवघड आहे. आपल्या किती नामवंत आत्मचरित्रकारांनी ते केले?

तरीही ग्रंथाची मर्यादा सांगितली पाहिजे. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळीत महार-मांगांचा भरणा होता. ती माणसे या पुस्तकात येतात, पण टिळकांच्या घरातून दिसतात तेवढीच. ज्याच्या हातचे पाणी अखेर घेतले गेले, त्याला त्या क्षणी काय वाटले? तो आवाज इथे नाही. बाबासाहेबांनी नेमके हेच दुखणे ओळखले होते. ब्राह्मण आधी बाटवला की बाकीचे मागून येतील, या मिशनऱ्यांच्या हिशेबावर त्यांनी कठोर टीका केली, आणि चर्चमध्ये टिकून राहिलेल्या जातीवरही. गोंदिया भंडारा जिल्ह्यात असतानाच, १९५४ मध्ये, त्यांनी भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. दोनच वर्षांनी, १९५६ मध्ये, नागपुरात त्यांनी बुद्धाचा मार्ग धरला. कोणी खाली वाकून आपल्याला उचलावे, याची वाट त्यांनी आम्हाला पाहू दिली नाही.

पुढारी ख्रिस्ती असो, बौद्ध असो, आमच्याच वस्तीतला असो, माझी कसोटी एकच. तो किती वाकला हे मी विचारणार नाही. त्याच्या वाकण्याने समोरचा ताठ उभा राहिला का, एवढेच विचारीन.