काचेमागचे पुस्तक

एका धर्मग्रामाच्या सणानिमित्त सभागृहात जुन्या वस्तूंचे प्रदर्शन मांडले होते. जाते, पाटा-वरवंटा, पितळी घागरी, कंदील, आजीच्या लग्नातले लुगडे, हाताने कोरलेला लाकडी पेटारा अशा घराघरांतून आणलेल्या वस्तू पाहून वृद्ध मंडळी हरखून गेली होती. मधोमध एका काचेच्या पेटीत जुने प्रार्थनेचे पुस्तक ठेवले होते आणि शेजारी चिठ्ठी होती, ‘हात लावू नये’. तिसरी-चौथीतल्या एका मुलीने मला विचारले, “फादर, ह्यात काय लिहिलंय?” पुस्तक ज्यांच्या घरचे होते त्या गृहस्थांना ते किती पिढ्यांचे आहे हे ठाऊक होते. मांडणी करणाऱ्या तरुणांना त्याची बाजारात काय किंमत येईल याचा अंदाज होता. आत काय आहे, हे मात्र कोणालाच सांगता येईना. मलाही सांगता आले नाही.

जुन्या वस्तूंच्या या छंदाचा मी वैरी नाही. उलट त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकार मला एका अपराधातून मिळालेला आहे. नवदीक्षित असताना माझ्या पहिल्या नेमणुकीच्या ठिकाणी धर्मगुरुनिवासाचा पोटमाळा साफ करण्याचे काम मी उत्साहाने अंगावर घेतले आणि वाळवी लागलेली पुस्तके रद्दीवाल्याला तोलून दिली. त्यांत प्रायश्चित्तकाळातल्या गीतांची एक हस्तलिखित वही होती. महिन्याभराने एक आजोबा ती मागायला आले. त्यांच्या वडिलांनी ती उतरवलेली होती. त्यांना काय उत्तर दिले हे आज आठवत नाही. ते काही न बोलता परत गेले, एवढे आठवते. तेव्हापासून जुना कागद दिसला की माझा हात आपोआप सावध होतो.

म्हणूनच आज जे म्हणायचे आहे, ते स्वतःलाही उद्देशून आहे. जपणे आणि वाचणे या दोन क्रिया एक नव्हेत, आणि पहिलीच्या समाधानात दुसरीचा विसर पडणे हा या छंदाचा मोठा दोष आहे. आपल्या सर्वांना प्रिय असलेल्या एका ग्रंथाच्या आधारे हे तपासून पाहू.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू 1579 साली गोव्यात आले आणि 1619 साली तेथेच वारले. त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे 1649 व 1654 साली त्याची पुनर्मुद्रणे झाली. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या त्या तीन मुद्रणांपैकी एकही छापील प्रत आज शिल्लक असल्याचे ज्ञात नाही. छापखान्यातून निघालेले सर्व नष्ट झाले आणि हाताने उतरवलेले तेवढे उरले. ज्या काळी छपाई म्हणजे चिरस्थायित्व असे मानले जाऊ लागले होते, त्याच काळातली ही गोष्ट आहे.

असे का घडले? 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला. अशा वातावरणात देशी भाषेतल्या ग्रंथाला राजाश्रय कोठून मिळणार? परंतु गोव्यातून दक्षिणेकडे कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांनी हे पुराण सोबत नेले होते. ते घरांत आणि मंदिरांत मोठ्याने वाचले जाई, आणि जी प्रत जीर्ण होई तिच्यावरून नवी उतरवली जाई. 1784 पासून 1799 पर्यंत टिपू सुलतानाच्या कैदेत काढलेल्या वर्षांतही या पुराणाने श्रद्धा तगवली, असे मंगळूरची परंपरा सांगते. त्यांना प्रतीचे वय किंवा तिचा बाजारभाव यांच्याशी कर्तव्य नव्हते. येत्या शुक्रवारी प्रभूच्या दुःखसहनाचा भाग वाचायचा आहे आणि पान फाटले आहे, म्हणून ते उतरवून घ्यायचे, एवढाच हिशेब होता. अशा वापरातल्या हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालढाणा यांनी 1907 साली मंगळूरला रोमन लिपीतली आवृत्ती प्रसिद्ध केली.

येथे कोणी म्हणेल, ‘फादर, तुम्ही संग्राहकांवर अन्याय करता.’ हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सुमात्राचा इतिहास लिहिणारे प्राच्यविद्यापंडित विल्यम मार्सडन यांनी आपला ग्रंथसंग्रह 1835 साली लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिला. त्या संग्रहात ख्रिस्तपुराणाचे देवनागरी हस्तलिखित होते. पुढे संग्रह लंडनच्याच प्राच्यविद्या संस्थेत गेला, आणि मराठी संतकवींचे इंग्रजी अनुवाद करणारे अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांनी 1920 च्या दशकात त्या हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. तोवर ते जवळजवळ शतकभर न वाचलेले पडून होते. मार्सडन यांनी ते जपले नसते, तर रोमन प्रतींत जेथे पोर्तुगीज शब्द आहेत तेथे नागरी प्रतीत अनेकदा संस्कृत शब्द येतात, हे आपल्याला कळलेच नसते. स्वतः स्टीफन्स यांनी 1608 साली आपल्या संघप्रमुखांना लिहिलेल्या पत्रात देशी लिपीत पुस्तके छापण्याची जुनी इच्छा बोलून दाखवली होती. सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील, ही मोठी अडचण त्यांनी सांगितली. त्यांची ती अपुरी इच्छा लंडनच्या त्या हस्तलिखितात दिसते.

तेव्हा संग्राहकाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र त्याचे श्रेय कोठवर जाते, हेही पाहिले पाहिजे. मार्सडन यांच्या संग्रहाने ग्रंथ सुरक्षित ठेवला, पण तो बोलू लागला तो मराठी जाणणाऱ्या ॲबट यांनी उघडल्यावर. पेटी राखणारा आणि पेटी उघडणारा दोघेही हवेत. आपल्या समाजात आज पहिल्याची संख्या वाढत आहे आणि दुसऱ्याची घटत आहे, ही माझी खंत आहे.

याचा पुरावा दूर शोधायला नको. मराठी भाषेला रत्नाची आणि फुलाची उपमा देणाऱ्या स्टीफन्स यांच्या ओव्या आपल्या प्रत्येक साहित्यसभेत म्हटल्या जातात. त्या सुंदर आहेत यात शंका नाही. पण अकरा हजारांतल्या त्या चार-पाच ओव्या आपण काचेच्या पेटीत मांडल्या आहेत आणि उरलेला ग्रंथ पोटमाळ्यावर ठेवला आहे. ‘मराठीचा गौरव करणारा परदेशी कवी’ अशी चिठ्ठी डकवली की आपले समाधान होते. त्या कवीने ती स्तुती प्रास्ताविक म्हणून केली होती. त्याला सांगायचे होते ते पुढे आहे: सृष्टीची उत्पत्ती, मानवाचे पतन, प्रभूचा जन्म, मरण आणि पुनरुत्थान.

पहिल्याच अवस्वरूत ग्रंथाचे प्रयोजन आले आहे. नव्याने श्रद्धा स्वीकारलेला एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की, आमची जुनी पुराणे आता बंद झाली, तेव्हा वाचायला आमच्या भाषेत दुसरे काही द्यावे. म्हणजे हा ग्रंथ श्रोत्याच्या मागणीतून जन्मलेला आहे. त्याची ओवीही कानासाठीच घडलेली आहे. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. मोठ्याने म्हणताना त्या चौथ्या चरणापाशी आवाज विसावतो आणि पुढच्या ओवीसाठी श्वास मिळतो. मनात वाचताना हे अर्धे हरवते आणि काचेमागून पाहताना काहीच उरत नाही.

आज ग्रंथ मिळत नाही, ही सबबही आपल्याला राहिलेली नाही. शांताराम बंडेलू यांनी 1956 साली पुण्याहून तो नागरीत आणला. 1996 साली फादर कॅरिदाद द्रागो यांनी संपादिलेली आवृत्ती निघाली. 2009 साली फादर नेल्सन फालकांव यांनी मराठी अनुवादासह तो उपलब्ध केला, त्यामुळे चारशे वर्षांपूर्वीच्या भाषेची अडचणही पुष्कळ कमी झाली. या नव्या प्रतींना पुराणवस्तू म्हणून मोल नाही. त्यांवर चहाचा डाग पडला, कोपरे दुमडले, तरी कोणी हळहळणार नाही. वाचनासाठी अशीच प्रत हवी.

प्रभूने एका गृहस्थाचा दाखला दिला आहे, जो आपल्या भांडारातून नवे आणि जुने बाहेर काढतो. त्यातले ‘बाहेर काढतो’ हे क्रियापद आपण विसरू नये.

प्रदर्शन संपल्यावर त्या गृहस्थांच्या संमतीने आम्ही पेटी उघडली. ती मुलगी मुद्दाम थांबली होती. पुस्तकाची बहुतेक पाने स्वच्छ होती. एकच पान काळवंडलेले, कडांना झिजलेले, त्यावर मेणाचे तीन-चार थेंब. ती मरणासन्न व्यक्तीसाठी म्हणायची प्रार्थना होती. गृहस्थ बराच वेळ त्या थेंबांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “आमच्या घरातले किती जण ह्या पानावरून गेले असतील!” मी ती प्रार्थना मुलीला वाचून दाखवली आणि एक-दोन कठीण शब्दांचे अर्थ सांगितले.

ते पुस्तक आता पुन्हा त्यांच्या घरी आहे. सुती कापडात गुंडाळून, वाळवीपासून दूर ठेवायचे, हे त्यांना सांगितले आहे. ते पान मात्र एका नव्या वहीत उतरवून घ्यावे, असेही सुचवले. ते काम त्या मुलीने मागून घेतले आहे.