हातवारे आणि हात

व्हिडिओ खेळ मनापासून व कसोशीनें खेळणाऱ्यांविषयीं एक तक्रार नेहमीं ऐकूं येते. हे लोक आरामखुर्चीचे दास आहेत. अंग हालवून खेळावयाचें म्हटलें कीं नाक मुरडतात! निन्टेन्डो कंपनीनें २००६ सालीं ‘वी’ हें यंत्र आणलें, तेव्हांपासून या तक्रारीला विशेष जोर आला. कळ दाबण्याऐवजीं हात हालवून खेळण्याचें हें यंत्र दहा कोटींहून अधिक खपलें. ज्यांनीं जन्मांत असला खेळ हातीं धरला नव्हता त्या आजीबाईही त्यावर बोलिंगचा चेंडू टाकूं लागल्या. पुष्कळ जाणत्या खेळाडूंनीं मात्र तें लवकरच फडताळांत ठेवून दिलें. हा आळस होता काय? आम्हांस तसें वाटत नाहीं.

‘वी स्पोर्ट्स’मधील टेनिस पाहा. धांवण्याचें काम यंत्रच करी. खेळाडूनें फक्त रॅकेट फिरवावयाची. पण पूर्ण हात फिरवून मारलेला फटका आणि मनगटाचा नुसता झटका यांत यंत्रास फारसा भेद कळत नसे. आमच्या घरीं आम्ही उभे राहून घाम गाळीत हरत होतों, आणि चिरंजीव गादीवर पडल्या पडल्या जिंकत होते. (त्यांच्या मातोश्रींस हा न्याय फार आवडे.)

त्याच वर्षींच्या ‘झेल्डा’ मालिकेंतील ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ची गोष्ट याहून बोलकी आहे. नायक लिंक हा मूळचा डावखुरा. बहुसंख्य लोक उजव्या हातानें खेळणार, म्हणून वी-आवृत्तींत त्याला उजवा करण्याकरितां कर्त्यांनीं सारें जग आरशांतल्यासारखें उलटें केलें. पूर्व पश्चिमेस गेली! हाताचा एवढा मान राखला. पण तो हात कोणत्या दिशेनें फिरला, हें मात्र कोणी विचारलें नाहीं. कसाही हालवा, तरवार आपल्या ठरल्या चालीनेंच फिरते. हातवारा म्हणजे नुसती दुसरी कळ झाली, आणि तीही पहिलीहून मंद. ज्याला आपली चूक आपल्याच हाताची हवी असते, त्यानें अशा यंत्रावर जीव कां लावावा?

पुढें २००९ सालीं हाताच्या वळणाचें मापन करणारा जायरोस्कोप जोडून मिळूं लागला, आणि त्याच्या आधारें २०११ सालीं ‘स्कायवर्ड सोर्ड’ निघाला. यांतील घिराहिम या खलपुरुषाशीं होणारें पहिलें द्वंद्व आम्ही या साऱ्या प्रकारांतील उत्तम प्रसंग मानतों. आपण तरवार जिकडे धरावी तिकडे त्याचा हात सरकतो, आणि त्या बाजूनें वार केला तर तो पातें बोटांत पकडतो. म्हणून एका बाजूस रोख दाखवून दुसरीकडून वार करावा लागतो. येथें हात खोटें बोलायला शिकतो, आणि कळीपाशीं हें सामर्थ्य नव्हतें. दोष आहेतच. रोख मधूनमधून ढळतो आणि तो पुनः मध्यावर आणावा लागतो. ऐन लढाईंत ही कारकुनी कोणास रुचेल?

आमच्या मताचा खरा पुरावा २०१५ सालच्या ‘स्प्लॅटून’मध्यें सांपडतो. शाईच्या बंदुकांच्या या सांघिक खेळांत मोठें वळण अंगठ्याखालच्या दांडीनें घेतात आणि नेम मात्र हातांतील यंत्र किंचित् कलवून धरतात. ही सोय बंद करण्याची मुभा असतांही अग्रगण्य स्पर्धकांपैकीं बहुतेक तिलाच चिकटून आहेत, कारण बारीक नेमांत अंगठ्याहून मनगट अधिक सूक्ष्म चालतें. बाहेरून पाहणाऱ्यास यांत हालचाल दिसतही नाहीं. दिवाणखान्यांत कौतुक व्हावें असें कांहींच नाहीं. गंभीर खेळाडूस तेवढें चालतें. त्याला हातवारे नको होते, हात हवा होता.

‘स्कायवर्ड सोर्ड’ची २०२१ सालीं नवी आवृत्ति निघाली. तींत तरवार दांडीनेंही चालवितां येते. आम्हीं घिराहिमशीं दोन्ही रीतींनीं लढून पाहिलें. दांडीनें पहिल्याच खेपेस जिंकलों. हातानें चार वेळां हरलों. पांचवी खेप येत्या रविवारीं आहे.