मालवलेल्या प्रोबची साक्ष : मॉलिक्युलर बीकनच्या दाव्याची चिकित्सा

न्यूक्लिइक अम्लांवर आधारित निदानचाचण्या शिकविताना ‘प्रोब उत्परिवर्तन ओळखतो’ असे विधान आपण अध्यापक सहज करून जातो. क्षयरोगाच्या एक्सपर्ट एमटीबी/रिफ या चाचणीपुरते तरी हे विधान तपासून घेणे अगत्याचे आहे.

संजय त्यागी व फ्रेड क्रेमर यांनी १९९६ मध्ये मांडलेली मॉलिक्युलर बीकनची कल्पना निःसंशय देखणी आहे. डीएनएचा एकपदरी तुकडा केसांच्या आकड्याप्रमाणे दुमडलेला असतो. त्याच्या एका टोकाला अनुस्फुरक रेणू आणि दुसऱ्या टोकाला त्याचा प्रकाश शमविणारा रेणू असतो. घडी मिटलेली असताना टोके लगत असल्यामुळे प्रकाश दिसत नाही. मधल्या फाशाला पूरक क्रम भेटला की घडी उलगडते आणि अनुस्फुरण घडते. जोडणीत एका क्षारकाचाही मेळ बसला नाही, तर योग्य तापमानाला प्रोब पुन्हा मिटून राहणेच पसंत करतो. सरळ, न दुमडलेल्या प्रोबला इतकी काटेकोर निवड साधत नाही. शिवाय न जोडलेले प्रोब धुऊन काढावे लागत नसल्याने सारी प्रक्रिया बंद पात्रात होते. संसर्गदूषणाची धास्ती घेतलेल्या प्रयोगशाळांना याचे मोल सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये शिफारस केलेल्या या चाचणीत असे पाच प्रोब आरपीओबी जनुकाच्या ८१ क्षारकजोड्यांचा पट्टा व्यापतात. परंतु पाचही प्रोब बेतलेले आहेत ते मूळ, अपरिवर्तित क्रमावर. सर्व उजळले तर जीवाणू रिफॅम्पिसिनला संवेदनशील. एखादा उजळलाच नाही किंवा फार उशिरा उजळला तर औषधरोध. म्हणजे येथे प्रोब उत्परिवर्तन ओळखत नाही. मूळ क्रम जुळला नाही, एवढेच नोंदवितो. औषधरोध हे त्या अंधारावरून काढलेले अनुमान होय.

हा शब्दच्छल नव्हे. आरपीओबीच्या ४३३ व्या कोडॉनमध्ये (ई. कोलायच्या जुन्या क्रमांकनात ५१४, या दुहेरी क्रमांकनाने वाचकाचा बराच गोंधळ होतो) टीटीसीचे टीटीटी झाले, तरी ॲमिनो अम्ल फिनिलॲलॅनीनच राहते. प्रथिन बदलत नाही, औषध लागू पडते. प्रोब मात्र मालवतो. औषधरोध मुळातच विरळ असलेल्या रुग्णगटात अशा चुकीच्या निष्कर्षांचे प्रमाण अर्थातच अधिक भरते. त्या काळी दुसऱ्या फळीच्या उपचारांत कॅनामायसिनसारखी, श्रवणशक्ती हिरावू शकणारी इंजेक्शने होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या चुकीची किंमत कळते.

उलट चूक अधिक गंभीर आहे. स्वाझीलँडमधील (आताचे एस्वाटिनी) २००९ च्या सर्वेक्षणातील बहुऔषधरोधी जीवाणूंपैकी सुमारे ३० टक्क्यांत ४९१ व्या स्थानी आयसोल्युसीनऐवजी फिनिलॲलॅनीन आढळले. हे स्थान ८१ जोड्यांच्या पट्ट्याबाहेर आहे. पाचही प्रोब नेमाने उजळले आणि रुग्ण ‘संवेदनशील’ ठरला. येथे प्रोबचा दोष नाही. कोठे पाहावयाचे हे ठरविणाऱ्यांच्या गृहीतकाचा आहे.

२०१७ मध्ये शिफारस झालेल्या ‘अल्ट्रा’ आवृत्तीने पद्धतच बदलली. तिचे चार प्रोब विसंगत क्रमालाही चिकटतात आणि जोडणी किती अंशाला सुटते यावरून बदल ताडला जातो. त्यामुळे काही निरुपद्रवी बदल वेगळे काढता येतात. ही खरी सुधारणा आहे. ४९१ वे स्थान मात्र तिच्याही कक्षेबाहेरच राहिले.